दोन हातांचा गोलंदाज

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे दीडशे किलोमीटर गेले की पांढरकवडा लागते. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. भोवती कपाशीची काळी जमीन आणि जवळच टिपेश्वरचे अभयारण्य. या गावचा अक्षय कर्णेवार हा विदर्भाच्या रणजी संघातील फिरकी गोलंदाज. त्याचा जन्म १२ ऑक्टोबर १९९२ चा. फिरकी गोलंदाज महाराष्ट्राला नवे नाहीत. पण कर्णेवार समोर उजवा फलंदाज असला तर डाव्या हाताने आणि डावखुरा फलंदाज आला की उजव्या हाताने गोलंदाजी करू शकतो. एकाच षटकात हात बदलून तो चेंडू टाकतो आणि दोन्ही हातांनी तो वळवतो.

महाभारतात अर्जुनाला सव्यसाची म्हटले आहे. येथे सव्य म्हणजे डावा. जो डाव्या हातानेही बाण सोडू शकतो तो सव्यसाची. आपण हे विशेषण मराठीत उदारपणे वापरतो. लेखक कविता आणि कादंबरी दोन्ही लिहीत असला तरी त्याला सव्यसाची म्हणतो. कर्णेवारला मात्र ते अक्षरशः लागू पडते. हे कसब नेमके काय आहे, त्यामागे कोणते भौतिकशास्त्र आणि कोणते शरीरशास्त्र आहे, आणि शिक्षक म्हणून आपण त्यातून काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

आरशातला चेंडू

प्रथम एक साधा प्रश्न. उजव्या फलंदाजाला डावा हातच का? उजव्या हाताने चालणार नाही का?

उजव्या हाताचा ऑफस्पिन गोलंदाज चेंडू सोडताना तो बोटांनी असा फिरवतो की गोलंदाजाच्या बाजूने पाहिल्यास चेंडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे चेंडूचा वरचा भाग उजवीकडे आणि खालचा भाग डावीकडे सरकत असतो. टप्पा पडतो तेव्हा जमिनीला खालचा भाग टेकतो. तो डावीकडे घसरू पाहतो, म्हणून घर्षणाचे बल चेंडूला उजवीकडे ढकलते. चेंडू गोलंदाजाच्या डावीकडून उजवीकडे वळतो.

आता डावा हात घ्या. क्रिया तीच, पण आरशात पाहिल्यासारखी. चेंडू घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि टप्प्यानंतर उजवीकडून डावीकडे वळतो. हा नवा चेंडू नव्हे, पहिल्याचेच प्रतिबिंब आहे.

उजवा फलंदाज उभा राहतो तेव्हा गोलंदाजाच्या बाजूने पाहता त्याचे शरीर बॅटच्या उजवीकडे असते. त्यामुळे उजव्या हाताचा ऑफस्पिन त्याच्या शरीराकडे, म्हणजे आत येतो. डाव्या हाताचा फिरकी चेंडू त्याच्यापासून दूर, बाहेर जातो. डावखुऱ्या फलंदाजाच्या बाबतीत सगळे उलट. म्हणून फलंदाजाप्रमाणे हात बदलणाऱ्या गोलंदाजाचा चेंडू नेहमी बाहेर जाणारा राहतो.

बाहेर जाणारा चेंडू त्रासदायक का? आत येणारा चेंडू निरुपद्रवी असतो असे नाही. त्रिफळा आणि पायचीत यांचा धोका तेथे आहेच. पण आत येणाऱ्या चेंडूचा अंदाज चुकला तर बॅटच्या मागे निदान पॅड असते. बाहेर जाणाऱ्या चेंडूच्या मागे फक्त यष्टिरक्षक आणि स्लिपमधला क्षेत्ररक्षक असतात. थोडे गणित करू. समजा चेंडूचा टप्पा फलंदाजापासून २ मीटर अंतरावर पडला आणि चेंडू ४ अंशांनी वळला. ४ अंशांची स्पर्शज्या (टॅन) सुमारे ०.०७ आहे. म्हणजे बॅटपर्यंत पोचताना चेंडू १४ सेंटिमीटर सरकला. नियमाप्रमाणे बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर असते, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४. चेंडू सरळच येईल असे मानून बॅटचा मध्य समोर धरणाऱ्याचा चेंडू पूर्ण हुकेल. वळण ओळखले पण थोडे कमी मोजले, तर चेंडू कडेला लागेल. गोलंदाजाला तेच हवे असते.

येथे कोणी म्हणेल की हात बदलून फलंदाजाला फसवणे बरोबर नाही. नियमानेही ते बरोबर मानलेले नाही. क्रिकेटच्या २१ व्या नियमाप्रमाणे आपण कोणत्या हाताने आणि यष्टीच्या कोणत्या बाजूने चेंडू टाकणार हे गोलंदाजाने पंचाला सांगायचे असते आणि पंच ते फलंदाजाला सांगतो. न सांगता हात बदलला तर नो-बॉल. म्हणजे कर्णेवारच्या शस्त्रात अचानकपणा मुळीच नाही. फलंदाजाला सगळे आधी कळलेले असते. तरीही चेंडू अवघड राहतो, कारण अडचण भूमितीची आहे.

पांढरकवड्यापासून जामठ्यापर्यंत

कर्णेवार सुरुवातीला उजव्या हाताने ऑफस्पिन टाकत असे. पण मैदानात क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकायची वेळ आली की तो डाव्या हाताने फेकी. फलंदाजीही डाव्या हाताने करी. प्रशिक्षकाच्या हे लक्षात आले आणि त्याने सुचवले की फेकतोस डाव्या हाताने, तर गोलंदाजीही डाव्या हाताने करून पाहा. पुढे डाव्या हाताची फिरकी हेच त्याचे मुख्य अस्त्र झाले. उजवा हातही त्याने सोडला नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सरावाचा एकदिवसीय सामना झाला. अध्यक्षीय संघाकडून खेळताना कर्णेवारने उजव्या मार्कस स्टॉइनिसला डाव्या हाताने आणि डावखुऱ्या ट्रॅव्हिस हेडला उजव्या हाताने गोलंदाजी केली. क्रिकेटच्या जगाने त्याच्याकडे पाहिले ते या दिवशी.

२०१८-१९ च्या हंगामात विदर्भाने लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. नागपूरजवळ जामठा येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये झालेल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध कर्णेवारने पहिल्या डावात नाबाद ७३ धावा केल्या. त्यानंतर लगेच झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात त्याने शेष भारत संघाविरुद्ध १०२ धावा काढल्या आणि तो करंडकही विदर्भाकडे राहिला.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आंध्रातील मंगलगिरी येथे सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली. चारही निर्धाव, बळी २. वीस षटकांच्या सामन्यात आपली चारही षटके निर्धाव टाकणारा तो पहिला पुरुष गोलंदाज ठरला. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध त्याने हॅट्ट्रिकसह ५ धावांत ४ बळी घेतले. त्याच आठवड्यात कॅनडाच्या साद बिन जफरने पनामाविरुद्ध चार निर्धाव षटके टाकली आणि जून २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने विश्वचषकात तेच केले. पण यादीतले पहिले नाव यवतमाळ जिल्ह्यातले आहे.

अमेरिकेतील जोडीदार

क्रिकेटमध्ये गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये पिचर. कर्णेवारचा तेथील जोडीदार म्हणजे पॅट व्हेंडिटी. जन्म ३० जून १९८५, नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे. त्याच्या वडिलांनी तो तीन वर्षांचा असल्यापासून त्याला दोन्ही हातांनी चेंडू फेकायला शिकवले. एवढेच नव्हे, तर फेकताना पायांची हालचालही दोन्ही बाजूंनी सहज व्हावी म्हणून दोन्ही पायांनी फुटबॉल मारायचा सराव करून घेतला. बेसबॉलमध्ये पिचरच्या दुसऱ्या हातात चामड्याचा हातमोजा असतो. हात बदलायचा तर मोजाही बदलायला हवा. म्हणून व्हेंडिटीसाठी सहा बोटांचा, दोन्ही कडांना अंगठा असलेला खास मोजा बनवला गेला. तो कोणत्याही हातात बसतो.

जून २००८ मध्ये एका कनिष्ठ साखळी सामन्यात मोठी मौज झाली. समोरचा फलंदाजही दोन्ही बाजूंनी खेळणारा होता. व्हेंडिटीने मोजा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला की फलंदाज पलीकडे जाऊन उभा राही. तो गेला की व्हेंडिटी पुन्हा मोजा बदली. बराच वेळ एकही चेंडू पडेना. या प्रसंगानंतर नियम करण्यात आला. पिचरने आधी आपला हात जाहीर करायचा आणि तो फलंदाज असेपर्यंत, दुखापत झाल्याशिवाय, बदलायचा नाही. योगायोग असा की त्याच महिन्यात इंग्लंडच्या केव्हिन पीटरसनने चेंडू पडण्यापूर्वी उजव्याचा डावखुरा होऊन षटकार मारले आणि मेरिलबोन क्रिकेट क्लबने ते वैध ठरवले.

व्हेंडिटीचा वेग फार नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. कनिष्ठ साखळ्यांत वर्षे काढून अखेर ५ जून २०१५ रोजी, तिसावा वाढदिवस जवळ आला असताना, ओकलंडच्या संघातून त्याने बोस्टन येथे प्रमुख साखळीत पदार्पण केले. त्याच्या आधी ग्रेग हॅरिस या पिचरने सप्टेंबर १९९५ मध्ये एका डावात दोन्ही हात वापरले होते, पण तो कारकिर्दीच्या अखेरचा एक प्रसंग होता. व्हेंडिटीची सगळी कारकीर्दच त्यावर उभी राहिली. २०२० पर्यंत तो वेगवेगळ्या सहा संघांकडून प्रमुख साखळीत खेळला.

आता एक गमतीचा फरक पाहा. व्हेंडिटी उजव्या फलंदाजाला उजव्या हाताने आणि डावखुऱ्याला डाव्या हाताने चेंडू टाकतो. कर्णेवारच्या बरोबर उलट! हे कसे?

बेसबॉलमध्ये टप्पा नसतो. चेंडू हवेतच वळवावा लागतो. फिरणारा चेंडू आपल्याबरोबर हवेचा पातळ थर फिरवतो, त्यामुळे मागे सुटणारा हवेचा झोत एका बाजूला कलतो आणि चेंडू विरुद्ध बाजूला ढकलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. चेंडू मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेत असेल, तर फलंदाजापर्यंत पोचेतो त्याचे पंधरा-सोळा फेरे होतात. उजव्या हाताच्या पिचरचे वळणारे चेंडू त्याच्या डावीकडे झुकतात, म्हणजे उजव्या फलंदाजापासून दूर. क्रिकेटमधील ऑफस्पिन मात्र टप्प्यानंतर गोलंदाजाच्या उजवीकडे जातो. यंत्रणा वेगळी म्हणून हात वेगळा, पण उद्देश एकच, चेंडू फलंदाजापासून दूर नेणे. विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे हे उत्तम कोडे आहे.

फेकणे हे पायापासून सुरू होते

चेंडू हाताने फेकतात असे आपण म्हणतो, पण फेक पायातून सुरू होते. पाऊल रोवले जाते, मग कंबर वळते, मग धड, मग खांदा, कोपर, मनगट आणि शेवटी बोटे. प्रत्येक सांधा आपल्या आधीच्या सांध्याची गती घेतो आणि तीत भर घालतो, चाबकाच्या दोरीत लाट पुढे सरकावी तसा. २०१३ साली नेचर या नियतकालिकात नील रोच आणि सहकाऱ्यांनी बेसबॉल खेळाडूंच्या फेकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हात मागे नेताना खांद्याचे स्नायुबंध आणि अस्थिबंध ताणले जातात, त्यांत स्थितिस्थापक ऊर्जा साठते आणि ती एकदम सुटते, असे त्यांनी दाखवले. चिंपांझी आपल्यापेक्षा बलवान असूनही अशी फेक करू शकत नाही. खांदा, कंबर आणि दंडाच्या हाडाची ही रचना सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी एकत्र आली असावी आणि ती शिकारीसाठी उपयोगी पडली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

म्हणून दुसऱ्या हाताने फेकायला शिकणे म्हणजे एक हात शिकवणे नव्हे, तर पायापासून बोटापर्यंत सगळी साखळी उलट बाजूने बसवणे. प्रतिबिंब कागदावर सोपे असते, शरीरात नसते. व्हेंडिटीचीही दोन बाजूंची फेक एकसारखी नव्हती. उजवा हात वरून येई, डावा बाजूने. लहानपणापासून फेकणाऱ्या खेळाडूच्या दंडाचे हाडही वाढीच्या वयात किंचित पीळ घेते आणि तो पीळ फेकणाऱ्या हातातच जास्त असतो. शरीर सवयीची नोंद हाडात करते, ती अशी.

याला दुसरी बाजू आहे. वाढत्या वयात एकाच हातावर अति भार पडला की खांदा आणि कोपर निकामी होऊ लागतात. पिचरच्या कोपरातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण इतके की १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केलेली शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. शाळेतल्या मुलांना दिवसभर गोलंदाजी करू देताना हे लक्षात ठेवावे.

हात डावा, गोलार्ध उजवा

मेंदूचा डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजवा गोलार्ध डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. जगात सुमारे दहा टक्के माणसे डावरी आहेत. दोन्ही हात सारखेच चालणारी माणसे फारच थोडी, शंभरात एखादे. हा कल जन्मापूर्वीच ठरू लागतो. गर्भातील बाळ कोणत्या हाताचा अंगठा चोखते हे पाहिले असता, पुढे मोठेपणी त्याचा कल बहुधा त्याच हाताकडे आढळला आहे. डावरेपणाचे एखादेच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि इतर कारणे मिळून तो ठरतो.

पण कल म्हणजे बेडी नव्हे. एका हाताला दिलेल्या सरावाचा काही फायदा दुसऱ्या हातालाही मिळतो, हे १८९४ पासून प्रयोगांनी माहीत आहे. दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा मेंदूत असतो आणि शिकलेल्या गोष्टीचा काही अंश पलीकडे पोचतो. शिवाय एकाच माणसाचा कल सगळ्या कामांत सारखा असतोच असे नाही. एका हाताने लिहिणारी आणि दुसऱ्या हाताने फेकणारी माणसे असतात. कर्णेवार उजव्या हाताने गोलंदाजी आणि डाव्या हाताने फेक करत होता, तो याच प्रकारातला.

येथे आमचेच उदाहरण सांगायला हवे. आम्ही जन्माचे डावरे. पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढले की बोटांवर पट्टी बसे. घरी जेवताना आजी हात धरून बाजूला करी. वर्षभरात आमचा उजवा हात लिहू लागला आणि सगळ्यांना समाधान झाले. पण दगड मारायचा, विटी उडवायची, दोरीला गाठ मारायची तर हात आपोआप डावा पुढे येई आणि पाठोपाठ भीतीही येई. आजही फळ्यावर घाईने लिहिताना आमचे अक्षर बिघडते. सक्तीने हात बदललेल्या माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्यावर असे दिसले आहे की ती उजव्या हाताने लिहितात तेव्हाही उजव्या गोलार्धातील काही भाग कामात गुंतलेले असतात. हात बदलतो, मूळ घडण पुसली जात नाही.

कर्णेवारच्या प्रशिक्षकाने आणि आमच्या शाळेने वरवर पाहता एकच गोष्ट केली. मुलाला दुसरा हात वापरायला सांगितले. फरक मात्र मोठा आहे. प्रशिक्षकाने आधी मुलाकडे पाहिले, त्याचा कल कोठे आहे हे ओळखले आणि त्यात भर घातली. आमच्या शाळेने पाहिलेच नाही. असलेले काढून घेतले आणि त्या जागी दुसरे बसवले.

वर्गात करून पाहा

१. चेंडूवर खडूने बाण काढा आणि शेजारी आरसा उभा धरून चेंडू काट्यांच्या दिशेने फिरवा. प्रतिबिंब उलट फिरताना दिसेल. उजव्या आणि डाव्या फिरकीचे नाते मुलांना एका क्षणात कळेल.

२. कागदाची हलकी नळी करून ती टेबलावर तिरक्या ठेवलेल्या फळीवरून घरंगळत सोडा. टेबलाच्या कडेवरून सुटल्यावर ती पुढे न जाता मागे, टेबलाखाली वळेल. हाच मॅग्नस परिणाम.

३. मुलांना न सांगता आठवडाभर नोंद ठेवा. लिहिणे, चेंडू फेकणे, केस विंचरणे, कात्री धरणे, बाटलीचे झाकण उघडणे, झाडू मारणे. प्रत्येक कामाला कोणता हात? पूर्ण उजवे, पूर्ण डावे आणि मिश्र असे तीन गट करा. मिश्र गट अपेक्षेपेक्षा मोठा निघण्याचा संभव आहे.

४. भिंतीवर वर्तुळ काढा. प्रत्येक मुलाने दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा चेंडू फेकावा. पुढे पंधरा दिवस केवळ दुबळ्या हाताने रोज दहा फेकी. नेमाचा आलेख काढा. शेवटी चांगल्या हाताचीही चाचणी घ्या. सराव न केलेला हात सुधारला का, हे मुलांनीच शोधावे.

यातून प्रत्येक वर्गात एखादा कर्णेवार निघेल असे नाही, आणि प्रत्येक मुलाला दोन्ही हातांनी तयार करण्याचा हट्टही धरू नये. तिसऱ्या प्रयोगातील नोंदवही मात्र जपून ठेवावी. त्यात डाव्या हाताने लिहिणारे एखादे मूल सापडेल. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही, आणि कागद किंचित उजवीकडे कलता ठेवायला सांगा. एवढ्यासाठी खर्च काही येत नाही.